आधी वॉल्व्ह, मग पाळी, मग गट

लालासाहेब मास्तरांनी बाभळदऱ्यातल्या एकशे त्रेचाळीस खातेदारांच्या जमिनींची अदलाबदल केली, ती मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला, समोरचा चहा निवायच्या आत. तलाठी नाही, मोजणीदार नाही, बांधावर कुणाचं डोकं फुटलं नाही. नुसतं एक बटण दाबलं. खातेदारांना हे कळलं बुधवारी सकाळी, संस्थेच्या फळ्यावर यादी लागल्यावर.

मास्तर आष्ट्याच्या एका हायस्कुलात एकतीस वर्षं मराठी शिकवून गावी परतले होते. गावानं त्यांचं वळणदार अक्षर बघून त्यांना पाणीवाटप संस्थेचं सचिव केलं, आणि नेमका त्याच वर्षी संस्थेनं कॉम्प्युटर घेतला. म्हणजे ज्या गुणावर नेमणूक झाली, त्या गुणाचं काम पहिल्याच महिन्यात संपलं. आपल्याकडं असं पुष्कळांचं होतं, पण मास्तरांना ते लागलं. मग त्यांनी विट्याला जाऊन तीन दिवसांचा कॉम्प्युटरचा वर्ग केला. तिसऱ्या दिवशी प्रमाणपत्र मिळालं. ते त्यांनी घरात लावलं आणि हिंमत बरोबर घेऊन फिरू लागले.

बाभळदऱ्याला पाणी येतं ते लांबून, पंपांनी चढत चढत. आलं की चौदा दिवस राहतं. गावच्या पाइपलाइनला चौदा वॉल्व्ह आहेत, दर वॉल्व्हला एक दिवस आणि एक रात्र. कुणी कधी पाणी घ्यायचं हे ठरवते पाळीची यादी, आणि यादीचे गावानं ठरवलेले नियम तीन. पहिला, शेपटाकडून सुरुवात: चौदा नंबरचा वॉल्व्ह सगळ्यांत लांब, म्हणून त्याला पाणी सगळ्यांत आधी. दुसरा, एका वॉल्व्हवर मागच्या खेपेला ज्यानं रात्री पाणी धरलं, त्याला या खेपेला दिवस, दिवसवाल्याला रात्र. तिसरा, एवढं करून सारखे उरले तर गट नंबर लहान असेल तो पुढं. हे नियम होण्याआधी गावात दोन हात आणि एक खोरं मोडलं होतं. झाल्यापासून कुणाचं काही मोडलं नाही.

यादी करायची मंगलआक्का. संस्थेच्या कॉम्प्युटरवर तिची एक साधी फाईल होती. दर ओळीला नाव, वॉल्व्ह, गट नंबर, मागची पाळी. मध्ये स्वल्पविराम. रंग नाही, चौकट नाही, ठळक अक्षर नाही. या खेपेची माहिती तिनं आठ दिवस बसून भरली होती. फक्त क्रम लावायचा राहिला होता. तेवढ्यात खंडाळ्याला भाचीच्या मुलीचं बारसं निघालं. "बुधवारी दुपारी येती, आल्यावर लावती," असं सांगून ती गेली. पाणी सुटायचं होतं गुरुवारी सकाळी सातला.

मास्तरांनी मंगळवारी ती फाईल एक्सेलमध्ये उघडली, नुसती बघायला. बघितली आणि त्यांच्यातला वर्गशिक्षक जागा झाला. पहिलंच नाव नानासो, खाली हरणाबाई, त्याखाली तानाजी. हजेरीपट असा असतो होय? मास्तरांनी नावांचा रकाना निवडला आणि अ पासून ज्ञ पर्यंत लावायचं बटण दाबलं. त्यावर मशिननं इंग्रजीत एक प्रश्न विचारला. त्याचा मतलब असा, की शेजारचे रकाने पण बरोबर घेऊन विस्तार करू, का निवडलंय तेवढ्यावरच भागवू?

मास्तरांनी एकतीस वर्षं निबंधाच्या वह्यांत लाल शाईनं 'विस्तार टाळा' असं लिहिलं होतं. ते दुसरं काय निवडणार?

नावं सरसर वर-खाली झाली आणि मध्येच कुठंतरी असलेला अर्जुना पहिल्या नंबरावर येऊन बसला. मास्तरांना फार बरं वाटलं. त्यांनी ऱ्हस्व-दीर्घ तपासले, तीन ठिकाणी दुरुस्त केले, फाईल त्याच नावानं ठेवून दिली आणि बुधवारी सकाळी यादी छापून फळ्याला चिकटवली. नावं नीट लागली होती. बाकीचे रकाने मात्र जागच्या जागी होते, त्यांना कुणी हलायला सांगितलंच नव्हतं.

पहिला आला नानासो. त्याची पहिल्या वॉल्व्हवर सात एकर द्राक्षबाग. त्यानं यादी दोनदा वाचली, चष्मा काढून पुसला, तिसऱ्यांदा वाचली.

"मास्तर, माझी बाग कवा विकली मी?"

"का हो?"

"हितं माझ्या नावापुढं आठ गुंठ्यांचा गट हाय. आन् बाग ह्या अर्जुनाच्या नावावर."

अर्जुना मागंच उभा होता. आठ गुंठ्यांचा मूळ मालक तो. तो हळूच म्हणाला, "ऱ्हाऊ द्या मास्तर. चुकलं तर चुकलं. काडून कशाला वाईट घ्यायचं?"

नऊ वाजेपर्यंत फळ्यापुढं तीसचाळीस माणसं झाली. कुणी हसत होतं, कुणी मनातल्या मनात नवीन जमिनीत काय लावायचं ते ठरवत होतं. हरणाबाई सगळ्यांत मागं उभी होती. तिचं रान चौदा नंबरच्या वॉल्व्हवर, अगदी शेपटाला. सव्वा महिन्यापूर्वी तिनं डाळिंबाची दोनशे रोपं लावली होती आणि तेव्हापासून रोज डोक्यावरून घागरी नेऊन एकेकाला तांब्या-तांब्यानं पाणी घालत होती. उद्या सकाळी पहिलं पाणी आपल्याला, या हिशोबानं तिनं रोपं इथवर आणली होती. मास्तरांच्या यादीत तिला एक नंबरचा वॉल्व्ह आला होता. म्हणजे चौदावा दिवस.

"मास्तर," ती म्हणाली, "रोपांचं तेरावं उरकून मग पाणी घालायचं व्हय?"

मास्तर कुणाच्याही ओरडण्याला घाबरले नसते. वर्गात त्यांनी पुष्कळ ओरडणं ऐकलं होतं. पण हरणाबाई ओरडलीच नाही. त्यांनी फळ्यावरची यादी काढली, घडी घातली, खिशात ठेवली आणि एसटीची वाट बघत बसले.

मंगलआक्का दीड वाजता उतरली. थांब्यावरच तिला सात जणांनी सात प्रकारे हकिकत सांगितली. ती घरी गेली, तांब्याभर पाणी प्याली आणि टॉवेलात गुंडाळलेला आपला जुना लॅपटॉप घेऊन संस्थेत आली.

या लॅपटॉपची गोष्ट सांगायलाच पाहिजे. आक्का कुपवाडला एका ओतकामाच्या कारखान्यात चौतीस वर्षं होती. लागली ती पॅकिंगला. पंपांच्या ओतीव भागांना गोणपाट गुंडाळायची. तिथल्या कॉम्प्युटरवरचा माणूस एका दिवाळीला बोनस घेऊन गेला तो आलाच नाही. मालकांनी पॅकिंगमधल्या बायकांना विचारलं, दहावी पास कोण आहे? हात एकच वर आला. त्या काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटायची आणि काहीही बटण दाबलं तरी ते गप्प बसून वाट बघायचं. आक्काला ते आवडलं. सासरी-माहेरी तिला असं कुणी भेटलं नव्हतं. पुढं निवृत्तीच्या दिवशी मालक शाल आणि नारळ घेऊन उभे राहिले, तेव्हा ती म्हणाली, "शाली चार हाईत घरात. त्यो कोपऱ्यातला जुना लॅपटॉप द्या." मालकांनी दिला. वर नारळही दिला.

कारखान्यात तिचं काम म्हणजे ट्रकात माल कुठल्या क्रमानं चढवायचा याची यादी. आधी रस्ता, त्यात शेवटचं गाव पहिलं, कारण जे शेवटी उतरायचं ते आत खोल पाहिजे. त्यात जड माल खाली. एक अट, तिच्या पोटात दुसरी, तिच्या पोटात तिसरी. साहेब लोकांना हे समजायला आठवडा लागायचा. आक्काला कुणी समजावून सांगावंच लागलं नाही. तिचा बाप सिद्धू, चारशे मेंढरांचा धनी. दिवाळी झाली की कळप घेऊन कृष्णाकाठाला उतरायचा. संध्याकाळी वाघराच्या जाळीत मेंढरं घालताना त्याची पद्धत ठरलेली. आधी गाभण्या वेगळ्या. गाभण्यांत पहिलटकरणी वेगळ्या. पहिलटकरणींत लंगडी, दुबळी असेल ती दाराशी, डोळ्यापुढं. आठ वर्षांची मंगल काठी आडवी धरून उभी असायची. पुढं काळ्या पडद्यावर क्रम लावायची सॉर्टची कमांड बघितली तेव्हा ती शिकवणाऱ्याला म्हणाली होती, "ही तर आमच्या आबांची."

तर अशी आक्का टेबलाशी बसली. समोर मास्तर, निकालाच्या दिवशीच्या पोरासारखे.

"काय केलं त्ये क्रमानं सांगा."

"त्याचं असं झालं आक्का, मला वाटलं की नावं जर अकारविल्हे असतील तर शोधायला..."

"कारण नगं. क्रम."

मास्तरांनी क्रम सांगितला. विस्ताराच्या प्रश्नापाशी आक्कानं एकदा डोळे मिटले.

"जुनी फाईल आहे ना तुमच्या लॅपटॉपमध्ये?" मास्तरांनी विचारलं.

"मागल्या खेपंची हाय. ह्या खेपंला अकरा वाटण्या झाल्या, नवं गट पडलं. पाळ्या बदलल्या. त्ये समदं तुमी बिगडवलेल्या फायलीत हाय."

"मग आता? पुन्हा आठ दिवस?"

आक्कानं बिघडलेली यादी वरून खालपर्यंत सरकवत नेली. मग म्हणाली, "थांबा. नावं तेवढी हलली. जमीन जागची हलली न्हाई."

मास्तरांना हे वाक्य कळायला थोडा वेळ लागला, पण कळलं तेव्हा त्यांना ते फळ्यावर लिहावंसं वाटलं. गट नंबर, वॉल्व्ह आणि पाळी एकमेकांना धरून होते. चुकीचं होतं ते फक्त पुढचं नाव. आणि कुठला गट कुणाचा, हे जुन्या फाईलमध्ये होतं. आक्कानं दोन्ही फायली गट नंबरावर लावल्या, नव्या फाईलमधली नावं खुशाल सोडून दिली आणि जुनीतली नावं गटाला गट जुळवून नवीला जोडली. दोन ओळी टाइप केल्या असतील नसतील. मास्तर पंख्याकडं बघून परत खाली बघेपर्यंत एकशे बत्तीस माणसं आपापल्या रानात परत गेली. नानासोला बाग मिळाली. अर्जुनाला आठ गुंठे.

अकरा गट बिननावाचे राहिले. वाटण्या झालेले.

"हे तुम्हीच भरले होते ना आक्का? आठवत असतील की."

"आटवण ही काय फाईल न्हाई." आक्कानं अकरा गट नंबर एका कागदावर लिहून मास्तरांपुढं सरकवले. "तुमी जावा. उतारा डोळ्यानं बघून नाव लिवून आना. तोंडी सांगितलेलं घिऊ नका."

सहासष्टाव्या वर्षी, दुपारी अडीच वाजता, लालासाहेब मास्तर स्कूटीवरून स्वतःच्या चुकीची वसुली करत अकरा घरं फिरले. प्रत्येक घरी आधी विचारलं जाई, "काय मास्तर, आज कुणाची जमीन कुणाला दिली?" आणि मग उतारा बाहेर येई. एका घरात दोन भावांची वाटणी होऊन महिना झाला होता आणि दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. धाकट्यानं थोरल्याचा गट सांगितला, थोरल्यानं धाकट्याचा. आपापला कुणालाच पाठ नव्हता. मास्तरांनी दोघांचे उतारे एकाच खाटेवर मांडले, तेव्हा दोघं त्याच खाटेवर बसले. महिन्यात पहिल्यांदा, असं थोरल्याची बायको चहा देताना म्हणाली. मास्तर तिथं जरा रेंगाळले. शेवटच्या घरून निघाले तेव्हा खिशात अकरा नावं होती, पोटात पाच कप चहा आणि एक बशी पोहे, आणि सकाळपासून छातीवर ठेवलेला दगड थोडा सरकला होता.

पाच वाजता ते संस्थेत आले. दाराशी हरणाबाई पायरीवर बसली होती. शेजारी रिकामी घागर. आत येत नव्हती, जातही नव्हती.

आक्कानं अकरा नावं भरली. मग खुर्चीवरून उठली. "बसा."

"मी?"

"मोडलं कुनी? मग लावायचं बी त्यानंच."

मास्तर बसले. आक्कानं कागदावर एक ओळ लिहून दिली होती:

sort -t, -k2,2nr -k4,4r -k3,3n pali.txt

"ही काय भानगड आहे?"

"भानगड न्हाई, तीन अटी हाईत. आधी त्यो टी आन् स्वल्पविराम. म्हंजे त्याला सांगायचं, गड्या, दोन रकान्यातली भिंत ही. मग के दोन, दोन. दुसऱ्या रकान्यापासनं दुसऱ्याच रकान्यापातूर बघ. फुडं जाऊ नगं. तुमच्यावानी."

"बरं, बरं."

"दुसरा रकाना वॉल्व्ह. मोठा आधी, म्हनून आर, उलटं. त्यात सारखं झालं तर के चार. मागली पाळी. रात्रवाला वर, दिवसवाला खाली. त्यात बी सारखं झालं तर के तीन, गट. आता मारा."

मास्तरांनी एका बोटानं ओळ टाइप केली. टी म्हणजे भिंत, के म्हणजे अट, असं पुटपुटत केली. यादी झरझर उतरली. मास्तरांनी वर बघितलं आणि त्यांचा चेहरा पडला. पहिला वॉल्व्ह नऊ नंबरचा होता. मग आठ, सात, असं करत दोन. आणि दोनच्या खाली चौदा.

आक्कानं दाराकडं बघितलं, पायरीवर बसलेल्या पाठीकडं. मास्तरांनी बोटं मोजली. नऊ, आठ, सात, सहा, पाच, चार, तीन, दोन. हरणाबाईला पाणी नवव्या दिवशी.

"काय सोडलं, बघा," आक्का म्हणाली.

मास्तरांनी कागद बघितला, पडदा बघितला, कागद बघितला. आर होता. आरच्या आधीचा एन नव्हता.

"एनचा काय उपयोग?"

"एन म्हंजे ह्यो आकडा हाय, आकडा म्हनून वाच. न्हाई सांगितलं तर त्ये अक्षरासारखं वाचतंय. चौदातला एक बघतंय, आन् म्हनतंय नऊ मोठं. त्याला काय ठावं पाइप किती लांब हाय?"

मास्तरांना आयुष्यात पहिल्यांदा आकड्यांच्या बाजूनं उभं राहावं लागत होतं. त्यांनी ओळ परत टाइप केली. या वेळी एन आधी घातला, त्यावर बोट ठेवून खात्री केली, मग पुढचं लिहिलं. यादी उतरली. सगळ्यांत वर चौदा नंबरचा वॉल्व्ह. मागची पाळी रात्र. पहिलं नाव हरणाबाई.

"हरणाबाई," मास्तरांनी तिथूनच हाक मारली, "उद्या सकाळी सात. पहिलं पाणी तुमचं."

हरणाबाई उठली. आत येऊन पडद्याकडं बघितलं. तिला वाचता येत नव्हतं, पण आपलं नाव वर आहे एवढं बोटानं दाखवल्यावर दिसलं. "वर हाय व्हय," ती म्हणाली. मग घागर उचलून चालू लागली. दारात थांबून म्हणाली, "आजचं तेवढं शेवटचं वाहून टाकती मग." आणि गेली.

आक्कानं क्रमानं दर ओळीपुढं वेळ घातली आणि यादी छापली. मास्तरांनी सकाळची घडी खिशातून काढून फाडली आणि नवी यादी फळ्याला लावायला घेतली. आक्का बाजूला टाचण्या धरून उभी होती. नानासो येऊन आपलं नाव बघून गेला. अर्जुनाही आला, एक नंबरच्या वॉल्व्हवर आपले आठ गुंठे बघून त्यानं उसासा सोडला. "एक दिवस तर एक दिवस," तो म्हणाला, "बागायतदार झालो की."

ऊन कलत होतं. मास्तरांना त्या यादीकडं बघत राहावंसं वाटत होतं. नावं कशीही होती. ह च्या खाली त, त च्या खाली स. हजेरीपट म्हणून कुठल्याही मुख्याध्यापकानं परत पाठवला असता. पण गावातल्या कुणाच्याही मनात त्यातल्या एकाही ओळीबद्दल शंका नव्हती. मास्तर ओळीओळीनं खाली येत गेले, आणि चौदा नंबरच्याच वॉल्व्हवर, आठव्या ओळीला, थांबले. तिथं त्यांचं स्वतःचं नाव होतं. त्यांच्या वडिलांपासूनचं तीस गुंठ्यांचं रान हरणाबाईच्या पलीकडच्या बांधाला. मागच्या खेपेला त्यांनी सकाळी दहाला, छत्री लावून, पाणी धरलं होतं. या खेपेला समोर लिहिलं होतं: रात्री दोन ते चार.

त्यांनी इकडंतिकडं बघितलं. फळ्यापाशी आता दोघंच होते.

"आक्का," ते आवाज खाली आणून म्हणाले, "नियम तो नियमच, मी काही म्हणत नाही. पण आज अकरा घरं फिरलो. वयही झालंय. तुमच्या त्या तीन अटींत एखादी चौथी, बारीकशी, सचिवांसाठी बसणार नाही का?"

आक्कानं शेवटची टाचणी दाबली.

"गमबूट घाला मास्तर, त्या बांधाला विंचू लय हाईत."